कौलं उतरवण्याआधी: घरदुरुस्तीतल्या या चुका टाळा

घरदुरुस्ती हाही प्रकल्पच. काय करायचं ते ठरवणं, आखणी, प्रत्यक्ष काम, देखरेख आणि शेवटी मालकाच्या ताब्यात देणं, असे त्याचे पाच टप्पे. गोव्यात फोंड्याच्या आसपास मी कामं घेतो तिथे लोक पहिले दोन गाळून तिसऱ्यावर उडी मारतात. ‘आधी सुरू तर करूया’ ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो.

कारण ही चूक मी स्वतः केलीय. एप्रिलमध्ये एका जुन्या घराचं काम घेतलं. ठरलं होतं फुटकी कौलं बदलायची, बस्स. मालकाला घाई, मलाही मोह. चार माणसांनी दिवसभरात दोन्ही बाजूंची मंगळुरी कौलं खाली आणली. मग दिसलं, सात वासे वाळवीने आतून पोखरलेले. लाकूड यायला पंधरा दिवस, सुतार भलत्याच कामावर. तेवढ्यात मालकांचा मुलगा मुंबईहून आला. “काका, छप्पर उघडलंच आहे, तर माळ्याला खिडकी काढूया की.” मी मान डोलावली, कागदावर काही नाही. मे अखेरीस एका रात्री पाऊस कोसळला. ताडपत्री उडाली, मातीत रचलेली मधली भिंत भिजून फुगली आणि आजींच्या तांदळाच्या पेटीत पाणी शिरलं. भिंतीचा खर्च कुणाचा, यावर चवथीपर्यंत, म्हणजे गणेशचतुर्थीपर्यंत, भांडलो.

तेव्हापासून खिशात पेचकस असतो. कौलाला हात लावण्याआधी शिडीवर चढून प्रत्येक वासा खालून टोचून बघतो. सहज आत गेला, तर आधी लाकूड आणि सुतार, मग बाकीचं. छप्पर एका वेळी एकाच बाजूचं उघडायचं. गोव्यात जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस धरतो, म्हणून छप्पर बंद करायची माझी तारीख २० मे. आखणी तिथून मागे मोजत येते. आणि ‘एवढंच जरा’ म्हणून वाढलेलं काम त्याच दिवशी वहीत: किती दिवस, किती पैसे, मालकांची सही. सही नाही तर खिडकी नाही.

स्लॅबखालचे टेकू लवकर काढू नका. साध्या पोर्टलंड सिमेंटला (ओपीसी) काँक्रीटच्या भारतीय मानक ४५६ प्रमाणे गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, ४.५ मीटरपर्यंत असेल तर किमान ७ दिवस, त्याहून मोठा असेल तर १४. ‘शेजाऱ्याने चौथ्या दिवशी काढले’ हे मला सांगू नका.

पंचायतीचा परवाना लागणार असेल तर तो हातात आल्याशिवाय भिंत फोडू नका.

चवथीच्या आठवड्यात काम होईल असं धरू नका. होत नाही.

आणि ‘नव्वद टक्के झालं’ म्हणणाऱ्याला पूर्ण पैसे देऊ नका, मलासुद्धा. न लागणारी कडी, ओघळणारी पन्हळ, अर्धवट रंगवलेली चौकट हे उरलेले दहा टक्के महिनोन्महिने तसेच राहतात. मी शेवटचा हप्ता पहिल्या मोठ्या पावसापर्यंत मालकाकडेच ठेवायला सांगतो. त्या दिवशी टॉर्च घेऊन माळ्यावर चढतो, ओला डाग दिसेल तिथे खडूने गोल काढतो आणि मालकांना वर बोलावतो.