टॅपिंगचा आदेश हातात आला की

आरोपपत्राच्या गठ्ठ्यात फोन टॅपिंगचा आदेश निघाला की पक्षकार हमखास विचारतात, "मॅडम, यावर जज्जसाहेबांची सही कुठाय?" नसतेच ती. आपल्याकडे फोन ऐकायला कोर्टाचं वॉरंट लागत नाही, गृहसचिवांचा लेखी आदेश चालतो. म्हणून सगळी झाडाझडती त्या कागदाचीच घ्यायची.

आधी तारीख. जुना आदेश १८८५च्या तार कायद्याच्या कलम ५(२) खालचा असेल. आता २०२३चा दूरसंचार कायदा आणि ६ डिसेंबर २०२४चे नियम लागतात.

मग सही. गृहसचिवांची नसेल आणि तपासयंत्रणेने तातडी म्हणून स्वतःच ऐकायला सुरुवात केली असेल, तर तीन कामकाजाच्या दिवसांत वर कळवणं आणि सात कामकाजाच्या दिवसांत मंजुरी मिळणं भाग आहे. मी समासात पेन्सिलीने एकेक दिवस मांडते. एकदा रविवारही मोजला होता. सरकारी वकिलांनी भर कोर्टात त्यावर बोट ठेवलं. तेव्हापासून कॅलेंडर शेजारी.

खरी मेख कारणात असते. सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता, दोन्हींपैकी एक तरी हवंच. बरेच आदेश कायद्यातलं वाक्य जसंच्या तसं उतरवतात. घडलं काय, याचा पत्ता नसतो. अशा वेळी विनीत कुमार निकाल काढा. २०१९मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दहा लाखांच्या कथित लाचेच्या प्रकरणातले तीन आदेश रद्द केले: लाच गंभीर खरी, पण त्यात सार्वजनिक सुरक्षितता कुठे आली? रेकॉर्डिंगही नष्ट करायला सांगितलं. तुमच्या आदेशातलं कारण त्या निकालाशेजारी ठेवून वाचा.

मुदत एका वेळी साठ दिवस, वाढवून एकूण १८०. आढावा समितीने आदेश तपासला का, तेही मागा. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालाने ही समिती आणली. न्यायाधीश तिच्यातही नाही, हे मला आजही खटकतं.

पण आदेश बेकायदा ठरला म्हणजे रेकॉर्डिंग आपोआप बाद होतं, असं पक्षकाराला सांगू नका. मलकानी खटल्यापासून सर्वोच्च न्यायालयाचं म्हणणं उलट आहे: बेकायदा मिळवलेला पुरावाही चालू शकतो. सरकारी वकील तेच वाचतील. तुम्ही खासगीपणाला मूलभूत हक्क मानणारा २०१७चा पुट्टस्वामी निकाल पुढे करा. दस्तावर निशाणी, म्हणजे पुराव्याचा क्रमांक, पडण्याआधीच लेखी हरकत द्या आणि ती रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, आली का, ते संध्याकाळी जाऊन बघा.