आंबवलेला मिरची सॉस बिघडतो कुठे? या चुका टाळा

सातारा-सांगलीकडच्या घरांत ठेचा आणि लोणचं हाताच्या अंदाजाने उत्तम जमतं. आंबवलेला मिरची सॉस मात्र नेमका त्याच अंदाजापायी बिघडतो. लोणचं टिकतं ते भरपूर मीठ, तेल आणि मोहरीमुळे. या सॉसला टिकवतं ते लॅक्टिक आम्ल, आणि ते तयार करणारे जिवाणू मिरचीच्या सालीवरच असतात. त्यांना सोयीचं आणि बुरशीला गैरसोयीचं वातावरण बरणीत राहिलं पाहिजे. खालच्या बहुतेक चुका तिथेच होतात.

मीठ मुठीने टाकणं

सर्वांत मोठी चूक हीच. लोणच्याच्या हाताने मीठ पडलं की जिवाणूच दबतात. आठवडा गेला तरी बुडबुडा दिसत नाही आणि सॉस नुसता खारट लागतो. कमी पडलं तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुजकट वास सुटतो. डिजिटल वजनकाटा हवाच. देठ काढलेली ओली लाल मिरची ५०० ग्रॅम, लसूण ५० ग्रॅम, गाजर ५० ग्रॅम, असं मिळून ६०० ग्रॅम झालं, तर २.५ टक्क्यांनी मीठ १५ ग्रॅम. उन्हाळ्यात ३ टक्के, म्हणजे १८ ग्रॅम. चमच्यावर भरवसा ठेवू नका, कारण बारीक मीठ आणि खडेमीठ एकाच चमच्यात वेगवेगळं भरतं.

मिरच्या न वाटता मिठाच्या पाण्यात बुडवायच्या असतील तर पाण्याचंही वजन धरा. ४०० ग्रॅम मिरची आणि ५०० मिली पाणी, एकूण ९००. त्याच्या ३ टक्के, म्हणजे २७ ग्रॅम मीठ. नुसत्या पाण्याच्या हिशोबाने मीठ घातलं की ते मिरचीत मुरतं आणि खार फिका पडतो. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल तर उकळून गार केलेलं पाणी घ्या. साधं आयोडीनयुक्त मीठ चालतं. खार थोडा गढूळ होतो, एवढंच.

मिरची उकळत्या पाण्यातून काढणं

स्वच्छतेच्या हौसेने हे केलं जातं आणि कामाचे जिवाणूच मरतात. गार पाण्याने धुवा, निथळा, डागाळलेली किंवा मऊ पडलेली मिरची बाजूला काढा. देठ ठेवू नका, बुरा बहुधा तिथूनच धरतो. सुरुवातीलाच व्हिनेगर किंवा लिंबू पिळणंही चुकीचं. आंबट शेवटी घालायचं. नुसती सुकी ब्याडगी भिजवून वाटली तर आंबणं सुरू व्हायला फार वेळ लागतो. तिच्यात निदान एक तृतीयांश ओली मिरची मिसळा, किंवा आधीच्या चांगल्या आंबलेल्या बरणीतला दोन चमचे खार घाला.

वर तरंगणारी मिरची

तिसऱ्या दिवशी सकाळी काचेच्या बरणीकडे नीट पाहा. वाटलेली मिरची वर उचलली गेलेली असते, तिच्यात जागोजागी हवेची भोकं आणि तळाशी लालसर पाणी. स्वच्छ चमच्याने दाबलं की बारीक आवाज करत वायू सुटतो आणि खार पुन्हा वर येतो. हे रोज एकदा करायचं. न दाबलेला वरचा कोरडा थर बुरशीला आयता मिळतो. चौथा हिस्सा बरणी रिकामी ठेवा, नाहीतर खार कट्ट्यावर वाहतो. अख्ख्या मिरच्यांवर वजन म्हणून छोट्या झिप पिशवीत पाणी भरून ठेवता येतं. पण त्या पाण्यातही ३ टक्के मीठ असू द्या, म्हणजे पिशवी गळली तरी प्रमाण बिघडणार नाही.

दादरा बांधून ठेवण्याची सवय इथे नको. फडक्यातून हवा जाते, चिलटंही शिरतात. झाकण लावा आणि पहिले दहा दिवस रोज क्षणभर सैल करून वायू सोडा. वर तेलाचा थर देऊ नका. हवा नसलेल्या आणि अजून आंबट न झालेल्या लसूण-मिरचीत क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम हा घातक जिवाणू विष तयार करू शकतो, आणि ते वासाने किंवा रंगाने कळत नाही.

पांढरं दिसलं की घाबरणं, किंवा अजिबात न घाबरणं

सपाट, सुरकुतलेली पांढरी साय ही यीस्टची. ती काढून टाका, खालचा सॉस चालतो. केसाळ, लोकरीसारखा बुरा, मग तो हिरवा, काळा किंवा पांढरा असो, दिसला की अख्खी बरणी फेका. वरचा भाग खरवडून उपयोग नाही, त्याचे तंतू आत गेलेले असतात. तळाशी पांढरा गाळ, गढूळ खार, निळसर-हिरवी पडलेली लसूण, यात काहीही बिघाड नाही.

जागा आणि दिवस

२० ते २५ अंशांत दोन ते तीन आठवडे लागतात. एप्रिल-मेमध्ये सांगली, मिरज, तासगावकडे गॅसजवळ ठेवलेली बरणी आठवड्यातच आंबते, पण चव उग्र होते. घरातल्या थंड कोपऱ्यात परातीत पाणी घालून त्यात बरणी ठेवा आणि ओलं फडकं गुंडाळा. कोरड्या हवेत बराच फरक पडतो. महाबळेश्वर-पाचगणीच्या पावसाळी दमटपणात मात्र फडकं नको, तिथे झाकण आणि बरणीची कड रोज कोरडी पुसा. ॲल्युमिनियम, तांबं, पितळ टाळा. काच किंवा चिनी मातीची बरणी घ्या.

तयार झालं का, हे दिवस मोजून ठरवू नका. पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) ४.६ च्या खाली असणं ही सुरक्षिततेची किमान मर्यादा. घरी ४ च्या खाली गेल्याशिवाय बाटलीत भरू नका. कागदी पट्टीवर मिरचीचा लाल रंग चढून वाचन फसतं, म्हणून वरचा निवळ खार एक थेंब घ्या. डिजिटल मीटर असेल तर आधी ४ आणि ७ च्या द्रावणावर जुळवून घ्या.

बाटलीत भरताना

वाटून गाळल्यावर गूळ घालून तशीच बाटली बंद केली, तर साखर मिळाल्याने आंबणं पुन्हा सुरू होतं आणि बाटली फुटू शकते. गूळ घालायचाच असेल तर सॉस ८० अंशांच्या वर दहा मिनिटं शिजवा आणि गरम असतानाच उकळून घेतलेल्या काचेच्या बाटलीत भरा. खिडकी उघडी ठेवा, वाफेने ठसका लागतो. गरम सॉस मिक्सरमध्ये झाकण घट्ट लावून फिरवू नका, झाकण उडतं. पाणी वेगळं पडत असेल तर अर्धा किलोला अर्धा ग्रॅम झँथन गम (सॉस दाट करणारी पूड) पुरे. जास्त झाला की सॉस चिकट, लिबलिबीत होतो. भडंगावर किंवा भज्यांसोबत कच्चाच, न शिजवलेला सॉस आवडत असेल तर गूळ टाळा, बाटली फ्रीजमध्ये ठेवा आणि झाकण अधूनमधून सैल करा.