नाशिकमध्ये राहून सी कयाकिंग शिकताना

"गोदेत पाणी कमी पडलं का, समुद्रात निघालास?" मी सी कयाकिंग, म्हणजे कयाक ही अरुंद होडी समुद्रात चालवणं, शिकणार म्हटल्यावर ही आईची पहिली प्रतिक्रिया. पण माझी सुरुवात इथल्याच पाण्यात झाली, आणि नव्या माणसाला मी तेच सुचवतो.

नाशिकमध्ये होडीचा विषय निघाला की दत्तू भोकनळचं नाव येतंच. तळेगाव रोहीचा हा गडी 2016 च्या रिओ ऑलिंपिकला गेला. पण ते रोइंग. त्यात पाठ पुढे करून बसतात आणि वल्ही होडीला अडकवलेली असतात. कयाकमध्ये तोंड पुढे, हातात दोन्ही टोकांना पाती असलेलं मोकळं पॅडल. शिक्षक शोधताना हा फरक लक्षात ठेवा.

मी आधी दोन महिने व्हिडिओ पाहिले. मग गंगापूर धरणाच्या पाण्यात उतरलो (तिथे होडी घालण्यापूर्वी परवानगी विचारायची, पिण्याचं पाणी आहे) आणि तीन दिवस खांदे धरून बसलो. पुढे एका शिक्षकाने एका वाक्यात चूक दाखवली: "हात विसर, बेंबी फिरव." पातं पायाशी पाण्यात घालायचं, कमरेशी काढायचं, जोर धडाचा. व्हिडिओत हे दिसतं, पण आपलं धड फिरत नाहीये हे दिसत नाही.

शिक्षकाला मी आता एकच प्रश्न विचारतो: पहिल्या दिवशी कयाक उलटवणार का? "गरज नाही" म्हणाला तर दुसरा शोधा. सी कयाकमध्ये कमरेभोवती स्प्रे स्कर्ट, म्हणजे बसायच्या जागेत पाणी शिरू न देणारं आवरण, ताणलेला असतो. उलटल्यावर त्याची पुढची पट्टी ओढूनच बाहेर पडता येतं. पहिल्यांदा उलटलो तेव्हा मी ती कमरेपाशी चाचपडत राहिलो, आणि नाकात गेलेल्या पाण्याने ती पुढे असते हे कायमचं शिकवलं. हे तलावात दहादा करा. मग सोबत्याच्या मदतीने कयाक रिकामी करून परत चढणं, नंतर एकट्याने पॅडल फ्लोट (पॅडलच्या पात्याला लावायची तरंगती पिशवी) लावून चढणं. तोवर किनारा सोडू नका.

प्रमाणपत्र पाहताना ते संथ पाण्याचं की समुद्राचं, हे विचारा. गोव्याच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत जीवरक्षणाचे अभ्यासक्रम असतात, त्यांचीही चौकशी करावी.

धरण शिकवत नाही ती भरती-ओहोटी. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणा. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. हा फक्त अंदाज, खात्री भरतीच्या तक्त्यावरूनच करायची. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात खाडीच्या तोंडाशी ओढ जबर असते. नवख्याने अष्टमीच्या आसपासचे भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असलेले, दिवस धरावेत. तेही सकाळी, कारण दुपारी खारे वारे चढतात. लाटांचा अंदाज हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राकडून मिळतो. तटरक्षक दलाचा 1554 क्रमांक फोनमध्ये असू द्या, आणि फोन वॉटरप्रूफ पाकिटात. पावसाळ्यात मात्र विषयच नको. मच्छीमार होड्या किनाऱ्यावर ओढतात, तेव्हा आपण कोण?

कयाक इतक्यात विकत घेऊ नका. पंधरा-सोळा फुटांचं ते धूड फ्लॅटमध्ये ठेवणार कुठे? माझ्या नुसत्या पॅडलवरून सोसायटीच्या दोन मीटिंगा झाल्यात.