परदेशात आर्किटेक्चर शिकायला निघालात? कोल्हापूरच्या सवयीने होणाऱ्या या चुका टाळा

जून-जुलै उजाडला की माझ्या ऑफिसात दोन-तीन मुलं-मुली येतात. बी.आर्क. झालेली, मोबाइलमध्ये जर्मनी नाहीतर इटलीतल्या विद्यापीठाचं प्रवेशपत्र. सोबत बहुतेकदा आई असते. प्रश्न ठरलेले असतात. लॅपटॉप कोणता, कुकर न्यायचा का, थंडीचे कपडे इथून घ्यायचे की तिथे. छोटा कुकर न्या, जाड कोट तिथेच घ्या. मी स्वतः दक्षिण जर्मनीत मास्टर्स केलं, आणि माझं काम अडलं ते यातल्या कशानेही अडलं नाही.

अडलं ते सवयीने. कोल्हापुरात माणूस माणसाला सांभाळून घेतो. सबमिशनच्या आदल्या रात्री अकरा वाजता ओळखीच्या प्रिंटवाल्याला फोन केला की तो शटर उघडतो. मॉडेलचा बेस मोडला तर गल्लीतला सुतार जेवण टाकून येतो. "जाऊन बघू की" म्हणत आपण निघतो आणि काम होतं. ही या गावाची श्रीमंती आहे आणि मला तिचा अभिमान आहे. पण तिच्या जिवावर सगळं शेवटच्या रात्रीवर टाकायची खोड लागते, ती आपल्याबरोबर विमानात बसते. तिकडची माणसंही मदत करतात, फक्त त्यांना आधी सांगावं लागतं. खाली ज्या चुका सांगते आहे त्यातल्या बऱ्याचशा याच एका खोडीतून आलेल्या आहेत. मी जर्मनीचं सांगते, दुसऱ्या देशाचे नियम वेगळे असतील.

खोली मिळाली, आता निवांत

घरात राहायला गेल्यापासून साधारण दोन आठवड्यांत पत्त्याची सरकारी नोंदणी करावी लागते. तिला 'आन्मेल्डुंग' म्हणतात आणि तिच्यासाठी घरमालकाचं सही केलेलं पत्र लागतं. पुढची बरीच कागदपत्रं या एका कागदावर अडकतात. मोठ्या शहरांत नोंदणीची वेळ ऑनलाइन घ्यावी लागते आणि ती लगेच मिळेलच असं नाही. म्हणून खोली बघतानाच, भाडं विचारायच्याही आधी, "इथे नोंदणी करता येईल ना?" हे विचारा. स्वस्तातली खोली आणि नोंदणीला नकार, असं असेल तर ती सोडा. इटलीत तर रहिवासी परवान्याचा अर्ज पोहोचल्यापासून आठ कामकाजी दिवसांत करायचा असतो.

नोंदणी झाली की काही दिवसांनी रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र येतं. महिना 18.36 युरो, घरात टीव्ही असो वा नसो. पत्र जर्मनमध्ये असतं म्हणून मुलं जाहिरात समजून टाकून देतात आणि थकबाकी वाढत जाते. हे शुल्क माणशी नसतं, घरामागे असतं. चौघं एकत्र राहत असाल तर एकाने भरावं, बाकीच्यांनी त्याचा शुल्क-खात्याचा क्रमांक कळवावा.

पैशांचं थोडक्यात. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीकच रक्कम काढू देणाऱ्या खात्यात, सध्या वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात आणि त्यातून महिन्याला 992 युरोच हातात येतात. अनामत रक्कम मात्र मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत मागता येते. ती या खात्यातून निघत नाही. पहिल्या महिन्याचे पैसे वेगळे ठेवा.

खिडकी बंद ठेवणं

ही चूक मी स्वतः केली आहे आणि आर्किटेक्चर शिकून केली आहे, म्हणून सविस्तर सांगते.

पहिल्या हिवाळ्यात नोव्हेंबरात मी खोलीची खिडकी बंद केली ती जवळजवळ उघडलीच नाही. बाहेर शून्याखाली, आत हीटर. त्याच खोलीत भात शिजायचा, त्याच खोलीत दोरीवर कपडे वाळायचे. जानेवारीत एक पेन कपाटामागे पडलं म्हणून कपाट ओढलं, तर मागच्या कोपऱ्यात जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत काळे ठिपके. बोटाने पुसलं तर बोट काळं, आणि ओल्या गोणपाटासारखा वास. बुरशी होती. खोली सोडताना घरमालकाने त्या भिंतीचा खर्च अनामतीतून कापून घेतला.

गरम हवेत बाष्प जास्त मावतं. ती हवा थंड पृष्ठभागाला लागली की पाणी सोडते. बाहेरच्या दोन भिंती जिथे मिळतात तो कोपरा खोलीत सगळ्यात थंड, त्यात कपाट भिंतीला चिकटवलेलं, म्हणजे हीटरची ऊब तिथे पोचायची नाही. हे सगळं मी परीक्षेत लिहिलेलं होतं. पण कोल्हापुरात ओल येते ती पावसाची, बाहेरून आत, आणि आपल्या घरांतून बारा महिने वारा खेळतो. तिकडच्या घट्ट बंद होणाऱ्या खिडक्यांच्या आत ओल आपणच तयार करतो, हे अंगवळणी पडायला एक हिवाळा जातो.

उपाय साधा आहे. दिवसातून दोन-तीनदा खिडकी पूर्ण उघडायची, पाच ते दहा मिनिटं, जमल्यास समोरचं दारही, आणि मग घट्ट बंद करायची. खिडकी वरून तिरकी करून दिवसभर ठेवली तर भिंत गार पडते आणि हवा मात्र नीट बदलत नाही. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं तरी लांब ठेवा. हीटरच्या चकतीवर 3 म्हणजे साधारण 20 अंश. बाहेर जाताना तो पूर्ण बंद न करता थोडा कमी करा. आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं, काटा 60 टक्क्यांच्या पुढे सतत राहिला तर खिडकी उघडायची वेळ झाली. ठिपके दिसलेच तर त्याच दिवशी फोटो काढून घरमालकाला लेखी कळवा. मी लाजेने तीन आठवडे गप्प बसले, तेच मला महागात पडलं.

कोल्हापूरचा सूर्य डोक्यात घेऊन डिझाइन करणं

कोल्हापूर साधारण 16.7 उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, जूनमध्ये तर किंचित उत्तरेकडे सरकतो. ऐन डिसेंबरातही भर दुपारी तो 50 अंशांवर असतो. आपला हात छज्जाच काढतो, कारण ऊन अडवणं हेच आपल्याला शिकवलेलं असतं.

माझ्या पहिल्याच स्टुडिओत, म्हणजे डिझाइनच्या वर्गात, एका छोट्या वाचनालयाचं अंगण मी समोरच्या इमारतीपासून 20 मीटरवर ठेवलं. इमारत 15 मीटर उंच. इतकं अंतर म्हणजे भरपूर ऊन, असा माझा हिशोब. प्राध्यापकांनी प्लॅनवर बोट ठेवून विचारलं, "डिसेंबरात इथे बसणाऱ्याला ऊन कधी मिळेल?" मी घरी येऊन गणित मांडलं. 15 मीटर उंचीची डिसेंबरातली भर दुपारची सावली कोल्हापुरात 12-13 मीटर पडते. तिथे, 48 अक्षांशावर, ती 45 मीटर. माझं अंगण आख्खा हिवाळा अंधारात होतं.

आपण कोल्हापूरचे. अंबाबाईचा किरणोत्सव, म्हणजे मावळतीची किरणं देवळात थेट देवीच्या मूर्तीपर्यंत पोचतात तो सोहळा, बघत वाढलेलो. नोव्हेंबरात 9, 10, 11 आणि पुन्हा 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारी. 21-22 डिसेंबरच्या दोन्ही बाजूंना साधारण सारखंच अंतर, कारण मावळतीचा सूर्य त्या दिवसांत क्षितिजावर त्याच जागी उतरतो. ज्यांनी ते देऊळ बांधलं त्यांनी ती जागा ओळखली होती. नव्या गावात गेल्यावर पहिल्या आठवड्यात खिडकीत 30 सेंटिमीटरची पट्टी उभी धरा, दुपारची सगळ्यात छोटी सावली मोजा आणि तारखेसह लिहून ठेवा. दर पंधरवड्याला पुन्हा. सॉफ्टवेअर आकडा देतंच, पण हाताने मोजलेला आकडा प्लॅन काढताना आपोआप आठवतो.

तसंच मापांचं. नऊ इंची भिंत आणि चौरस फूट डोक्यात असतात. तिथे विटेची लांबी 24 सेंटिमीटर, रुंदी 11.5, आणि भिंतीही त्याच हिशोबात: 11.5, 17.5, 24, 36.5. फुटांतून बदलून 23 ची भिंत काढली की कुठलीच वीट बसत नाही.

रविवार विसरणं

रविवारी दुकानं बंद. पुठ्ठा, गोंद, ब्लेड, काहीच मिळत नाही. सोमवारी रिव्ह्यू, म्हणजे प्राध्यापकांसमोर काम मांडायचं, असेल तर शनिवारी दुपारपर्यंत सामान घरात हवं, आणि दोन शीट जास्तीच्या. रविवारी दिवसभर आणि रोज रात्री दहानंतर घरात ठोकाठोकी, ड्रिल चालत नाही, शेजारी तक्रार करतात. लेझर कटर आणि मोठ्या प्रिंटची वेळ दोन आठवडे आधी लावा. सबमिशनच्या आठवड्यात सगळ्यांनाच ती हवी असते.

पाण्यावरचा गोंद पुठ्ठ्याला सढळ लावला की पुठ्ठा वाळताना वाकतो. थेंब थेंब लावा, वर वजन ठेवा. दोन मिलिमीटरचा करडा पुठ्ठा एका दमात कापू नका. पहिली रेघ हलकी, मग दुसरी, तिसरी. ब्लेड बोथट झालं की आपण जोर लावतो आणि जोर लावताना सुरी पट्टीवरून सुटते. पहाटे तीन वाजता माझ्या डाव्या अंगठ्याला टाके पडले ते असेच. ब्लेडचं टोक मोडा, बदला, त्यात काटकसर नको. मॉडेल न्यायचा खोका मॉडेलच्या आधी करा. बर्फात ट्रामची वाट बघताना हातातलं उघडं मॉडेल भिजतं. मॉडेलचे फोटोही दुपारीच काढा, डिसेंबरात साडेचारला अंधार होतो.

"हो सर"

आपल्याकडे सरांनी भिंत हलवायला सांगितली की आपण हलवतो. तिथे प्राध्यापक "असं केलं तर?" म्हणतात तेव्हा ते खरोखर विचारत असतात. माझ्या एका मैत्रिणीने सहा आठवडे प्रत्येक सूचना मानली, प्लॅन दर आठवड्याला बदलला, आणि शेवटी ऐकावं लागलं की यात तुझं काय आहे ते दिसत नाही. दोन पर्याय घेऊन जा, त्यातला कोणता हवा आणि का हवा ते तुम्ही सांगा. पटलं नाही तर नम्रपणे तसं म्हणा. त्याला उर्मटपणा समजत नाहीत. भाषा अडत असेल तर बोलायची चार वाक्यं आदल्या दिवशी लिहून काढा.

घर

कोल्हापुरात रात्री नऊला आईची जेवणं आवरून ती निवांत होते. तेव्हा तिथे हिवाळ्यात साडेचार वाजलेले असतात, उन्हाळ्यात साडेपाच, म्हणजे स्टुडिओ ऐन भरात. फोन उचलला जात नाही, आई काळजी करते, मुलाला अपराधी वाटतं, आणि हळूहळू दोघंही कमी बोलायला लागतात. हे मी फार घरांत बघितलंय. आठवड्यातल्या दोन वेळा ठरवून घ्या आणि त्या पाळा. मार्कांचंही आधी सांगून ठेवा: तिथे 1.0 सगळ्यात वरचा आणि 4.0 म्हणजे जेमतेम पास. आजारी असलात तर लपवू नका. दूर असलेल्या आईला आवाजावरून कळतंच.

आणि आई, कंदी पेढे, खवा, तूप, सुकं मटण बॅगेत घालू नका. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. कांदा-लसूण मसाला आणि गूळ द्या. फोडणी देताना मात्र खिडकी उघडी हवी, धुराचा अलार्म वाजतो.

पदवीबद्दल एकच. बारावीनंतर थेट बाहेर जाणाऱ्यांनी हे नीट वाचा. तिथली तीन वर्षांची बॅचलर आणि आपली पाच वर्षांची बी.आर्क. एक नव्हे. 1972 च्या आर्किटेक्ट्स ॲक्टप्रमाणे नोंदणीशिवाय इथे स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. परत यायचं मनात असेल तर ती पदवी चालेल का, हे ही नोंदणी करणाऱ्या कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडून निघण्यापूर्वी लेखी विचारून घ्या.

गेल्या आठवड्यात राजारामपुरीतला एक मुलगा आला होता, म्युनिकला चाललाय. सगळं ऐकून म्हणाला, "ताई, एवढं काय, जाऊन बघतो की." मी त्याला भिंतीवरचं कॅलेंडर काढून दिलं आणि फेब्रुवारीतल्या अंतिम रिव्ह्यूपासून उलटं मोजायला बसवलं. प्रिंट, मॉडेल, सामान, लेझर कटरची वेळ, मध्ये येणारे रविवार. तासाभराने तो ऑक्टोबरात पोचला तेव्हा गप्प झाला होता. मग पुन्हा पानं उलटून त्याने 31 जानेवारीच्या चौकोनात बारीक अक्षरात लिहिलं: किरणोत्सव, पट्टी, सावली. त्या दिवशी भर दुपारी मी इथे मोजणार आहे, तो तिथे. माझी साधारण 20 सेंटिमीटर भरेल, त्याची 65 च्या आसपास.