पाइन वाळतोय? फवारणीआधी सुया मोजा

सप्टेंबर लागला की 'दादा, आमच्या पाइनवर काय मारू?' असे फोन सुरू होतात. मी तासगावच्या द्राक्षबागेत वाढलेला, म्हणून अमेरिकेत ओमाहातल्या मराठी मंडळींचा झाडांचा डॉक्टर मीच. मी उलट विचारतो, एका झुपक्यात सुया, म्हणजे सुईसारखी पानं, किती?

पाच असतील तर तो व्हाइट पाइन. याच दिवसांत त्याच्या खोडाकडच्या जुन्या सुया पिवळ्या होऊन गळतात आणि शेंडे हिरवेच राहतात. दरवर्षीचंच आहे, काही मारू नका.

दोन असतील तर निवांत राहू नका. सुया आखूड, पीळदार आणि वरच्या खोडाची साल नारिंगी असेल, तर तो स्कॉट्स पाइन. अख्खं झाड काही आठवड्यांत राखाडी-हिरवं, मग तपकिरी झालं, सुया फांदीलाच लटकून राहिल्या आणि कापलेल्या फांदीतून राळ येईना, तर पाइन विल्टचा संशय धरा. हा सूत्रकृमीचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कृमीचा रोग. डाळिंबाच्या मुळांना गाठी आणणारी सूत्रकृमी आपल्याला ठाऊक आहे. ही मात्र लाकडात राहते आणि सॉयर नावाच्या भुंगेऱ्यावर बसून झाडोझाडी फिरते. ती मूळची अमेरिकेचीच, त्यामुळे इथले पाइन तिला बरेचसे दाद देत नाहीत. युरोप-जपानातून आणलेले मात्र मरतात. जपानात तर तिने विसाव्या शतकात पाइनची जंगलंच्या जंगलं उठवली.

खोडाजवळच्या वाळलेल्या फांदीचा तुकडा काउंटी एक्स्टेंशनकडे, म्हणजे इथल्या कृषी सल्ला केंद्राकडे तपासायला द्या. रोग ठरला की त्या झाडावर खर्च बंद. एप्रिल उजाडायच्या आत ते जमिनीलगत कापा, जाळा किंवा चिपरमधून (लाकडाचा चुरा करणाऱ्या यंत्रातून) काढा, कारण उन्हाळ्याच्या तोंडाला भुंगेरे त्यातूनच बाहेर पडतात. 'चांगलं लाकूड आहे, शेकोटीला ठेवू' म्हणून रचून ठेवलंत, तर शेजारच्या झाडाचंही मरण तुम्हीच रचलंत. खोडात द्यायचं अबामेक्टिन या सूत्रकृमीवरच्या औषधाचं इंजेक्शन महाग असतं आणि ते निरोगी झाडासाठी आहे. वाळलेल्या झाडाला ते टोचायला कोणी आलं, तर चहा पाजून परत पाठवा.

दोन सुयांचाच दुसरा म्हणजे ऑस्ट्रियन पाइन. त्याच्या सुया लांब, ताठ, गडद. त्यालाही विल्ट होतो, पण बहुतेकदा दुखणं बुरशीचं निघतं. नवे कोंब खुरटून तपकिरी झाले आणि जुन्या शंकूंवर काळे ठिपके दिसले, तर डिप्लोडिया. सुईचं टोक तपकिरी, बूड हिरवं, मध्ये तांबडे पट्टे असतील, तर डोथिस्ट्रोमा. डिप्लोडियाला एप्रिलच्या उत्तरार्धात कळ्या फुगताना फवारणी सुरू करा आणि कोंब वाढेपर्यंत साधारण पंधरवड्याने पुन्हा घ्या. डोथिस्ट्रोमाला ताम्रयुक्त औषध मेच्या मध्यावर आणि पुन्हा जूनमध्ये. द्राक्षवाल्यांना मोरचुदाची महती सांगायला नको! सप्टेंबरात फवारलं तर पैसे पाण्यात. बुरशी शिरते ती वसंतात.

लॉनच्या स्प्रिंकलरचं तोंड आधी पाइनवरून वळवा, सुया ओल्या राहिल्या की बुरशीचं फावतं. पाणी बुंध्याशी, सावकाश, वीतभर खोल मुरेल असं द्या. पाऊस नसेल तर जमीन गोठण्यापूर्वी एकदा नक्की. मल्च, म्हणजे बुंध्याभोवतीचं आच्छादन, तीन-चार इंच चालेल, पण खोडाला टेकवू नका. छाटणी हिवाळ्यात, कोरड्या दिवशी.

नवं लावायचं तर स्कॉट्स पाइन नको, आणि अख्खी रांग एकाच जातीचीही नको.