हायब्रिड पिकअपचे ॲव्हरेज : मोड कोणता, केव्हा आणि कशासाठी

हायब्रिड पिकअप, म्हणजे इंजिनाच्या जोडीला इलेक्ट्रिक मोटर आणि बॅटरी असलेली पिकअप, हाती आल्यावर मालकाचा पहिला प्रश्न बहुधा ‘ॲव्हरेजसाठी कोणता मोड लावायचा?’ हाच असतो. त्याचे थोडक्यात उत्तर असे, की रोजच्या वापरासाठी नॉर्मल किंवा इको यांपैकी कोणताही चालेल आणि दोहोंतला फरक अपेक्षेपेक्षा बराच कमी निघेल. ड्राइव्ह मोडमुळे मुख्यतः ॲक्सिलरेटरवरच्या पायाचा अर्थ गाडी कसा लावते एवढेच बदलते. इंधन किती जळणार हे मात्र वेग, ब्रेक, ओझे आणि टायर यांवर ठरते. मोड निरुपयोगी आहेत असे अजिबात नाही, पण प्रत्येकाची एक ठरावीक जागा आहे आणि ती ओळखण्यासाठी बॉनेटखाली काय चालते हे थोडे समजून घ्यावे लागते.

बॅटरीतली वीज येते कुठून

बाहेरून चार्जिंग न करता चालणाऱ्या हायब्रिडमध्ये बॅटरीतली सगळी वीज शेवटी टाकीतल्या इंधनापासूनच तयार झालेली असते. त्यामुळे बॅटरीला दुसरी टाकी समजणे चूक आहे. तिची खरी कामे दोन : ब्रेक लावताना उष्णता होऊन उडून जाणारी ऊर्जा धरून ठेवणे, आणि इंजिन ज्या परिस्थितीत फार वाईट काम करते, म्हणजे सिग्नलला उभे असताना किंवा रांगेत मुंगीच्या पावलांनी सरकताना, त्या वेळी त्याला बंद राहू देणे.

हे साधण्याच्या दोन वाटा पिकअपमध्ये दिसतात. फोर्ड मॅव्हरिकच्या हायब्रिडमध्ये २.५ लिटरचे ॲटकिन्सन पद्धतीचे इंजिन आहे. या पद्धतीत इनटेक व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत घेणारी झडप, उशिरा बंद होतो, त्यामुळे सिलिंडरमधला वायू जितका दाबला जातो त्याहून अधिक प्रसरण पावतो आणि इंधनातली जास्त ऊर्जा कामी येते. यात इंजिनाचा जो जोर कमी होतो तो इलेक्ट्रिक मोटर भरून काढते. याउलट फोर्ड एफ-१५० पॉवरबूस्टमध्ये ३.५ लिटरचे टर्बो व्ही-६ इंजिन आणि १० गिअरचा स्वयंचलित गिअरबॉक्स असून, ३५ किलोवॉटची मोटर त्या गिअरबॉक्समध्येच बसवलेली आहे. टोयोटा टुंड्राची आय-फोर्स मॅक्स प्रणालीही याच वळणाची आहे.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे आकडे पाहिले की दोन्ही वाटांमधला फरक लगेच लक्षात येतो. २०२२ च्या मॅव्हरिक हायब्रिडला शहरात ४२ आणि महामार्गावर ३३ मैल प्रति गॅलन असे मानांकन मिळाले. किलोमीटरमध्ये सांगायचे तर लिटरला सुमारे १७.९ आणि १४. फोर-व्हील ड्राइव्हच्या एफ-१५० पॉवरबूस्टला शहर आणि महामार्ग मिळून एकत्रित मानांकन मिळाले २४ मैल प्रति गॅलनचे, म्हणजे लिटरला जेमतेम १०.२ किलोमीटर. पहिली गाडी इंधन वाचवण्यासाठी हायब्रिड केली आहे, दुसरी ओढण्याच्या ताकदीसाठी, आणि त्या ताकदीसोबत शहरात थोडी बचतही पदरात पडते. दुसऱ्या प्रकारची गाडी घेऊन पहिल्या प्रकारच्या ॲव्हरेजची अपेक्षा धरणाऱ्याला कोणताच मोड समाधान देऊ शकणार नाही.

ब्रेक : सर्वाधिक बचत इथेच

एक हिशेब करून पाहू. अडीच टनांची पिकअप ताशी ८० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिच्या गतीमध्ये साधारण ०.१७ किलोवॉट-तास एवढी ऊर्जा असते. तिला ६ सेकंदांत थांबवायचे झाले, तर ब्रेक लावण्याची सरासरी शक्ती १०० किलोवॉटच्या वर जाते. मोटर ३५ किलोवॉटची असेल, तर ती फार तर यातला एक तृतीयांश वाटा विजेत बदलू शकेल. बाकी सारे ब्रेकच्या पॅडवर घासून उष्णता होऊन जाईल. तीच गाडी २० सेकंद घेऊन थांबवली, तर सरासरी शक्ती ३० किलोवॉटच्या आसपास येते आणि जवळजवळ सगळे ब्रेकिंग मोटरच्या आवाक्यात बसते. म्हणजे एकाच सिग्नलला, एकाच वेगावरून थांबताना एक चालक बहुतेक ऊर्जा परत मिळवतो आणि दुसरा तिच्यातली बहुतांश घालवतो; मोड दोघांचाही एकच असू शकतो.

म्हणून ब्रेक लवकर आणि हलका लावावा. डॅशबोर्डवर चार्जचा काटा किंवा पट्टी असेल, तर ब्रेक दाबताना तो काटा शेवटच्या खुणेला टेकणार नाही इतपतच पाय दाबावा. टेकला की समजावे, आता मोटर दमली आणि पॅड घासू लागले. काही गाड्यांमध्ये थांबल्यावर ‘इतके टक्के ऊर्जा परत मिळाली’ असा आकडा दिसतो. सराव करताना तो उपयोगी आहे, पण त्याच्या नादी फार लागू नये. शंभर टक्के आकडा दिसला तरी गतीची वीज, विजेचे बॅटरीत साठवण आणि साठवणीतून पुन्हा गती या फेऱ्यात काही भाग गळतोच. त्यामुळे पुढचा सिग्नल लाल दिसताच ॲक्सिलरेटर सोडून गाडी घरंगळू देणे, आणि तोवर सिग्नल हिरवा झाल्यास न थांबता पुढे जाणे, हे उत्तम ब्रेकिंगपेक्षाही सरस ठरते.

सुटताना मात्र अतिसावधपणा नको. केवळ बॅटरीवर राहण्यासाठी गोगलगायीसारखी गाडी काढणारे पुष्कळ असतात. वापरलेली वीज नंतर इंजिनालाच इंधन जाळून भरून द्यावी लागते, आणि मागच्या गाड्यांचा खोळंबा होतो तो वेगळाच. मध्यम जोर देऊन हव्या त्या वेगाला पोहोचावे आणि मग पाय हलका करावा. त्या क्षणी बऱ्याचदा इंजिन आपोआप बंद होते आणि सपाट रस्त्यावर मोटर वेग टिकवून धरते.

आता मोड

नॉर्मल मोड हा गाडी बनवणाऱ्याने सर्व बाजूंनी तोलून ठरवलेला असतो आणि कशाचीच खात्री नसेल तेव्हा तोच ठेवावा. इकोमध्ये ॲक्सिलरेटरचा प्रतिसाद मऊ होतो, गिअर लवकर चढतात आणि बऱ्याच गाड्यांत एसीही थोडा आवरता घेतला जातो. ज्याचा पाय मुळातच जड आहे त्याला इकोचा फायदा चांगला होतो. ज्याला हलक्या पायाची सवय आहे त्याला तो क्वचितच जाणवतो. चढावर किंवा घाईने रस्ता ओलांडताना इकोमधील मऊपणामुळे चालक वैतागून पेडल पार तळाला नेतो आणि कमावलेले गमावतो, हेही ध्यानात ठेवावे. अशा ठिकाणी नॉर्मलवर येणे केव्हाही चांगले.

स्पोर्टमध्ये खालचा गिअर अधिक वेळ धरला जातो, इंजिन आपोआप बंद राहण्याचे प्रसंग कमी होतात आणि हायब्रिडचा मुख्य लाभच आटतो. महामार्गावर शिरताना किंवा ओव्हरटेकसाठी तो क्षणभर घेण्याला हरकत नाही, पण काम होताच बाहेर यावे.

टो-हॉल हा ओझे वाहण्याचा आणि ट्रेलर ओढण्याचा मोड. त्यात गिअर उशिरा बदलतात, त्यामुळे चढावर गिअरबॉक्स वर-खाली धडपडत राहत नाही. उतारावर तो स्वतःहून खालचा गिअर घेऊन इंजिन ब्रेकिंग देतो, म्हणजे इंजिनाच्या विरोधानेच गाडीचा वेग आवरतो. जड ट्रेलर असेल तर इंधनाचा विचार बाजूला ठेवून हा मोड लावावाच. हौद्यात थोडेसे सामान असेल आणि रस्ता सपाट असेल तर त्याची गरज नाही.

लांब उतारासाठी आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. अडीच टनांची गाडी १०० मीटर खाली उतरली, की सुमारे ०.६८ किलोवॉट-तास ऊर्जा मोकळी होते. एफ-१५० पॉवरबूस्टची बॅटरी सगळी मिळून १.५ किलोवॉट-तासांची आहे, आणि हायब्रिडची बॅटरी आयुष्य टिकावे म्हणून कधीच पूर्ण रिकामी किंवा पूर्ण भरलेली ठेवली जात नाही. म्हणजे दोन-तीनशे मीटरांच्या उतारात ती भरून जाऊ शकते. त्यानंतर मोटर ब्रेकला फारशी मदत करत नाही आणि सगळा भार पॅडवर येतो. घाटात उतरताना म्हणूनच सुरुवातीपासून टो-हॉल किंवा हाताने निवडलेला खालचा गिअर वापरावा. यात इंधनाचे नुकसान नाही, कारण गिअर लागलेला असून पाय ॲक्सिलरेटरवरून उचललेला असताना इंजेक्टर इंधन सोडणे थांबवतात.

निसरड्या रस्त्याचा मोड, चिखलाचा मोड आणि वाळूचा मोड हे पकड टिकवण्यासाठी आहेत. त्यांच्याकडून ॲव्हरेजची अपेक्षा ठेवू नये आणि कोरडा रस्ता लागताच ते काढावेत. फोर-व्हील ड्राइव्हबाबत मात्र सक्त काळजी हवी. फोर-एचमध्ये (चारही चाकांना कायम जोर देणाऱ्या पर्यायात) पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांशी जखडले जातात. वळणावर पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात, पण जखडलेली यंत्रणा त्यांना तसे करू देत नाही. कोरड्या डांबरावर याचा परिणाम टायर घासण्यात, यंत्रणेवर ताण येण्यात आणि अर्थातच जास्त इंधन जळण्यात होतो. पक्क्या रस्त्यावर टू-एच (फक्त दोन चाकांना जोर), आणि जिथे सोय असेल तिथे पावसाळी रस्त्यासाठी फोर-ए (गरजेप्रमाणे आपोआप चारही चाकांना जोर), एवढे पुरेसे आहे.

चार्जिंगचे हायब्रिड असेल तर

फोर्ड रेंजरच्या प्लग-इन आवृत्तीत ११.८ किलोवॉट-तासांची, तर बीवायडी शार्कमध्ये २९.५८ किलोवॉट-तासांची बॅटरी आहे. इथे वीज बाहेरून घेता येते, त्यामुळे मोडच्या निवडीला खरोखर वजन येते. रेंजरमध्ये वीज आत्ता वापरणे, नंतरसाठी राखणे आणि इंजिन चालवून बॅटरी भरणे असे वेगवेगळे पर्याय दिलेले आहेत. प्रवास बॅटरीच्या पल्ल्यात बसत असेल तर सरळ विजेवरच जावे. आधी महामार्ग आणि शेवटी गर्दीचे शहर असा मार्ग असेल, तर महामार्गावर वीज राखून ठेवावी, कारण एकसमान वेगाने जाताना इंजिन बऱ्यापैकी कार्यक्षम असते आणि सरकत्या रांगेत ते अगदीच नसते. इंजिनाने बॅटरी भरण्याचा पर्याय मात्र पुढे विजेची नक्की गरज असल्याशिवाय वापरू नये. तशी भरलेली वीज चार्जरवरच्या विजेपेक्षा बहुधा महागच पडते.

वेग, टायर आणि हौदा

पिकअपचा पुढचा भाग उंच आणि सपाट असतो, त्यामुळे हवेचा विरोध तिला कारपेक्षा जास्त भोगावा लागतो. हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो : ताशी ९० ऐवजी ११० किलोमीटरने गेल्यास तो जवळपास दीडपट होतो, आणि ९० किलोमीटरच्या अंतरात त्याबदल्यात ११ मिनिटे वाचतात. महामार्गावर हायब्रिड यंत्रणेला करण्यासारखे फार थोडे असल्याने तिथे वेग हाच सर्वांत प्रभावी मोड म्हणावा लागेल.

हौद्याचा मागचा फाळका उघडा ठेवल्याने हवा सरळ निघून जाते आणि इंधन वाचते, ही समजूत जुनी आणि चुकीची आहे. फाळका बंद असताना हौद्यात हवेचा एक भोवरा तयार होतो आणि वरची हवा त्याच्यावरून घसरत जाते. फाळका पाडला की ही रचना मोडते. हौद्यावर झाकण असल्यास थोडा लाभ होतो. टपावरचे रॅक आणि दिव्यांच्या पट्ट्या रोज लागत नसतील तर उतरवून ठेवाव्यात.

टायरमधील हवा गाडी थंड असताना, दाराच्या चौकटीवरील स्टिकरप्रमाणे ठेवावी. भार वाहताना वेगळा दाब सांगितलेला असल्यास तो पाळावा. दिसायला दणकट म्हणून जाड नक्षीचे ऑल-टेरेन टायर बसवण्याआधी विचार करावा, कारण रस्त्यावर फिरताना त्यांचा विरोध जास्त असतो आणि त्याची किंमत प्रत्येक किलोमीटरला मोजावी लागते.

थंडीत ॲव्हरेज पडले म्हणून घाबरून जाऊ नये. केबिनला ऊब देण्यासाठी आणि स्वतः तापण्यासाठी इंजिन जास्त वेळ सुरू राहते, शिवाय थंड बॅटरी चार्जही कमी स्वीकारते. उभी करून गाडी तापवण्यापेक्षा लगेच निघून सावकाश चालवणे आणि लहानसहान कामे एकाच फेरीत उरकणे, एवढाच यावर उपाय आहे.

फरक पडला की नाही हे कसे तपासावे

डॅशबोर्डवरचा आकडा अंदाजी असतो. टाकी पहिल्या कटऑफपर्यंत, म्हणजे पंपाचे नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत, भरावी, ट्रिप मीटर शून्यावर आणावे, पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर त्याच पद्धतीने भरावी आणि कापलेल्या अंतराला भरलेल्या लिटरने भागावे. दोन मोडांची तुलना करायची असेल तर मार्ग, हवामान आणि ओझे साधारण सारखे असले पाहिजे, आणि प्रत्येक मोडसाठी एकापेक्षा अधिक टाक्या मोजल्या पाहिजेत.

सरासरी काढताना एक चूक हमखास होते. ४०० किलोमीटर लिटरला १६ ने आणि पुढचे ४०० किलोमीटर लिटरला १० ने गेले, तर एकूण ॲव्हरेज १३ नसते. पहिल्या टप्प्यात २५ आणि दुसऱ्यात ४० असे ६५ लिटर लागले, म्हणजे खरे ॲव्हरेज लिटरला १२.३ किलोमीटर. ज्या पिकअपच्या हौद्यात वीजजोडणीचे सॉकेट आहेत आणि ज्यांवर उभ्या गाडीतून अवजारे चालवली जातात, त्यांच्या बाबतीत ती टाकी या हिशेबातून वगळावी. त्या वेळी बॅटरी भरत राहण्यासाठी इंजिन अधूनमधून सुरू होते आणि एकही किलोमीटर न कापता इंधन खर्च होत राहते.