तोंड आलेल्या मुलांना लाइट थेरपी देताना या चुका टाळा

किमो चालू असलेल्या मुलाचं तोंड आलंय हे कळायला मला टॉर्च लागत नाही. मूल स्वतःची लाळ गिळत नाही, उशीवर ओघळू देतं. बोलणं बंद होतं, सगळं खुणांवर चालतं. कालपर्यंत पाणी मागणारं पोर ग्लास पाहून मान फिरवतं. या दुखण्यापायी मॉर्फिन सुरू करावं लागतं, नाकातल्या नळीतून दूध द्यावं लागतं, कधी पुढची किमोही लांबते. त्यामुळे लाल प्रकाशाचं यंत्र वॉर्डात आलं की सगळ्यांना हायसं वाटतं. मग एक डेमो होतो आणि त्याच संध्याकाळी कुणीतरी प्रोब, म्हणजे टोकातून प्रकाश सोडणारी दांडी, हातात घेऊन कामाला लागतं. पुढच्या बहुतेक चुका त्या घाईतूनच होतात.

मुलांच्या कॅन्सर वॉर्डात दातांची डॉक्टर म्हणून काम करताना या चुका मी इतक्या वेळा पाहिल्या आहेत की आता लिहूनच ठेवते. त्यातली सगळ्यात मोठी माझ्या हातूनही झालेली आहे.

आधी एवढं पक्कं करून घ्या. या उपचाराचं आजचं नाव फोटोबायोमॉड्युलेशन, जुनं नाव लो-लेव्हल लेझर. १९६७ साली बुडापेस्टमध्ये एंड्रे मेस्टर यांनी उंदरांच्या भादरलेल्या कातडीवर कमी शक्तीचा लेझर टाकला, तेव्हा तिथले केस लवकर उगवले. तिथून हे सगळं सुरू झालं. पेशींमधल्या मायटोकाँड्रियातलं सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे एन्झाइम हा प्रकाश शोषतं, पेशीला ऊर्जा जास्त मिळते, दाह कमी होतो. हा प्रकाश काही जाळत नाही, जंतूही मारत नाही. तो औषधासारखा वागतो, आणि औषध म्हटलं की मात्रा आली.

‘वीस सेकंद धरा’

ही माझी सगळ्यात नावडती चूक. कुठल्याही नवख्याला विचारा, ‘डोस किती देतोस?’ उत्तर येतं, ‘वीस सेकंद.’ सेकंद म्हणजे डोस नाही.

आमच्याकडे यंत्राशेजारच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता. तोंडाचं चित्र, त्यावर ठिपके आणि खाली ठळक अक्षरात ‘प्रत्येक ठिकाणी २० सेकंद’. कुणी लावला, कधी लावला, कुणालाच ठाऊक नाही. मी आले तेव्हा तो होता, मीही तोच पाळला. मधे यंत्र बदललं. नवं यंत्रही जुन्याइतकंच, १०० मिलिवॉटचं, म्हणून कुणी काही विचारलं नाही. कागद तसाच राहिला.

काही महिन्यांनी शिकायला आलेल्या एका मुलीने मला विचारलं, ‘मॅडम, हे वीस कुठून आले?’ मला सांगता येईना. दोघी हिशोबाला बसलो. आम्हाला द्यायचे होते दर चौरस सेंटिमीटरला ४ ज्यूल. जुन्या प्रोबचा स्पॉट, म्हणजे प्रकाशाचा ठिपका, अर्धा चौरस सेंटिमीटर. १०० मिलिवॉट म्हणजे ०.१ वॉट, त्याला अर्ध्याने भागलं की दर चौरस सेंटिमीटरला ०.२ वॉट, आणि ४ ज्यूल व्हायला २० सेकंद. जुन्या यंत्रासाठी कागद अगदी बरोबर होता. नव्या प्रोबचा स्पॉट मात्र पूर्ण एक चौरस सेंटिमीटरचा. त्याला ४० सेकंद हवे होते. एवढे महिने आम्ही मुलांना निम्मा डोस देत होतो आणि ‘या मुलाला लाइटचा फारसा उपयोग होत नाही’ असं केसपेपरवर लिहीत होतो. ती वाक्यं माझ्याच अक्षरात आहेत.

तो कागद मी त्याच दिवशी काढला. तेव्हापासून माझी सवय अशी: सकाळी पहिल्या मुलाआधी प्रोबवर पारदर्शक कव्हर चढवायचं आणि कव्हरसकट पॉवर मीटरवर धरायचं. कव्हरशिवाय मोजलेल्या आकड्याचा उपयोग नाही, कारण मुलाच्या तोंडात कव्हरसकटच जायचं असतं. कव्हर थोडा प्रकाश खातं, धुरकट झालेली काच बराच खाते, आणि यंत्राच्या पडद्यावर मात्र तोच जुना आकडा दिसत राहतो. मग तरंगलांबी, मोजलेली शक्ती, स्पॉटचं क्षेत्रफळ, त्यावरून निघालेले सेकंद आणि ठिकाणांची संख्या वहीत लिहायची. पाच मिनिटं लागतात. ‘यंत्रात ऑटो मोड आहे की’ असं मला सांगणारे पुष्कळ भेटतात. ऑटो मोडला तुमच्या काचेवरचा डाग दिसत नाही.

आणि हो, ‘थोडा जास्त दिला तर लवकर भरेल’ हेही चूक. या प्रकाशाचा परिणाम एका मर्यादेपर्यंत वाढतो, त्यापुढे कमी होत जातो. दुप्पट वेळ धरून दुप्पट फायदा होत नाही, कधीकधी मिळणारा फायदाही हातचा जातो.

याच चुकीची धाकटी भावंडं दोन. एक, भिंतीला रंग दिल्यासारखा प्रोब फिरवत राहणं. माझ्या मते एका ठिकाणी स्थिर धरा, वेळ पूर्ण करा, मग शेजारच्या ठिकाणी जा. दोन, प्रोब लांबून धरणं. अंतर वाढलं की प्रकाश पसरतो, बराचसा ओल्या त्वचेवरून परत फिरतो, आणि मघाचा सगळा हिशोब फुकट जातो. दुखत नसेल तिथे हलकं टेकवा, व्रणावर अगदी जवळ पण न टेकवता, आणि दोन्हीकडे सरळ धरा, तिरका नको.

व्रण दिसल्यावर बोलावणं

आम्हाला फोन येतो तो सहाव्या-सातव्या दिवशी, तोंड पूर्ण सोलवटल्यावर. व्रण दिसतात त्याच्या कितीतरी आधी, औषध शरीरात गेल्यापासूनच, आतल्या थरात नुकसान सुरू झालेलं असतं. वर फुटायला थोडे दिवस लागतात एवढंच. २०२१ साली मुलांसाठीची जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका सुधारून आली, तिच्यात ६२० ते ७५० नॅनोमीटरचा लाल प्रकाश तोंडाच्या आतून देण्याची शिफारस आहे, बोन मॅरो ट्रान्सप्लांटच्या मुलांसाठी आणि डोक्या-मानेच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेणाऱ्यांसाठी. ती तोंड येऊ नये म्हणून आहे. आलेल्या तोंडालाही देतात, आम्हीही देतो, पण तेव्हा आपण आगीमागे धावत असतो.

ट्रान्सप्लांटची तारीख ठरली की कंडिशनिंगच्या, म्हणजे ट्रान्सप्लांटआधीच्या जोरदार किमोच्या किंवा रेडिएशनच्या, पहिल्या दिवशी माझं नाव यादीत हवं, असं मी डॉक्टरांना सांगून ठेवलंय. हाय-डोस मेथोट्रेक्सेट हे किमोचं औषध घेणाऱ्या मुलांचं मागच्या सायकलला, म्हणजे किमोच्या मागच्या फेरीला, तोंड आलं असेल तर पुढच्या वेळी पहिल्या दिवसापासून. मात्र एक सांगते: पुढची सायकल बरी गेली म्हणून लगेच लाइटला श्रेय देऊ नका. मेथोट्रेक्सेट रक्तातून किती वेगाने उतरलं यावरही तोंडाचं बरंच काही ठरतं. ती पातळी बघितल्याशिवाय मी कुठलाही निष्कर्ष लिहीत नाही.

हात-पाय धरून तोंड उघडवणं

यावर मला राग येतो आणि तो मी लपवत नाही.

चार वर्षांची एक मुलगी होती, ल्युकेमियाची. मी रजेवर होते. पहिल्याच दिवशी घाईत असलेल्या कुणीतरी तिला आईच्या मांडीवर आडवं केलं, एका सिस्टरने हात धरले, दुसऱ्यांनी डोकं, आणि प्रोब आत घातला. दहा ठिकाणांपैकी तीन झाली. ओठाला दात लागून रक्त आलं, आणि तिच्या प्लेटलेट्स तेव्हा इतक्या कमी की ते थांबायला अर्धा तास गेला. मी परत आले तेव्हा पांढरा कोट दिसला की ती दोन्ही हातांनी तोंड झाकत होती. माझ्याकडूनच नाही, आईकडून ब्रशही करून घेईना. तीन ठिकाणांच्या प्रकाशासाठी आपण तिच्या तोंडाची सगळी काळजी घालवून बसलो.

मला सहा दिवस लागले. पहिल्या दिवशी मी कोट काढून नुसती बसले. दुसऱ्या दिवशी तिच्या बाहुलीला लाइट दिला, बाहुलीलाही चष्मा लावला. तिसऱ्या दिवशी लाल ठिपका माझ्या तळहातावर, मग तिच्या. ‘गरम नाही,’ ती स्वतःच म्हणाली. त्यानंतर गालावर बाहेरून, मग ओठाच्या आत एकच ठिकाण आणि लगेच थांबले, ती ‘अजून’ म्हणत असतानाही. सहाव्या दिवशी आकडे ती मोजत होती, बोटांवर, आणि तिचं मोजणं संपेपर्यंत प्रोब हलवायची मला परवानगी नव्हती.

म्हणून आता व्रण येण्याआधीच, मूल हसतं-खेळतं असताना, ओळख करून घेते. दुखणं असेल तर वेदनाशामक औषधाचा असर सुरू झाल्यावरच जाते, त्यासाठी सिस्टरांकडून वेळ विचारून घेते. तोंड उघडतच नसेल तर गालावरून आणि गळ्यावरून बाहेरून देता येतं. तिथे जास्त खोल जाणारा इन्फ्रारेडच्या बाजूचा प्रकाश लागतो आणि मात्रेचं गणितही वेगळं. सगळी ठिकाणं आज झालीच पाहिजेत हा हट्ट आपला असतो. चार ठिकाणं शांतपणे झाली तर तेवढीच लिहा आणि उद्या या.

चष्मा ‘फक्त मुलाला’

खोलीतल्या प्रत्येकाला. आईला, सिस्टरला, तुम्हाला. स्टीलचा आरसा तोंडात असेल तर प्रकाश कुठेही उडतो. ६६० नॅनोमीटरचा चष्मा ८१० ला चालत नाही, काडीवरचा आकडा वाचा. ८१० चा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, त्यामुळे पापणी आपसूक मिटेल या भरवशावर राहू नका. मोठ्यांचा चष्मा लहान डोक्यावरून घसरतो. इलॅस्टिकचा छोटा ठेवा.

घरी लाल दिवा आणून लावणं

आई-वडिलांचा कळवळा मला समजतो, पण नको. लेझर पॉइंटर तर मुळीच नको, त्याने डोळा जाऊ शकतो. दातांत सिमेंट घट्ट करायचा निळा दिवा वेगळा, त्याचा इथे काही संबंध नाही. ऑनलाइन मिळणाऱ्या उपकरणांवर शक्ती आणि स्पॉट लिहिलेला नसेल तर डोस काढणार कशावरून? घरून करण्यासारखं पुष्कळ आहे: मऊ ब्रश, साध्या किंवा मीठ आणि खायचा सोडा घातलेल्या पाण्याच्या गुळण्या, ओठ कोरडे पडू न देणं. अल्कोहोल असलेलं माउथवॉश नको. बधिर करणारं जेल डॉक्टरांनी मात्रा सांगितल्याशिवाय लहान बाळाला लावू नका.

तोंडात किंवा जबड्यात गाठ असलेलं मूल

ऑन्कॉलॉजिस्टची, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांची, लेखी परवानगी नसेल तर मी यंत्र सुरूच करत नाही. गाठीवर थेट प्रकाश कधीच नाही.

लाइट सुरू झाला म्हणून मॉर्फिन कमी करणं

करू नका. दुखणं कमी झालं की मूल स्वतः सांगतं, मग कमी करा.

प्रत्येक व्रण किमोचाच समजणं

किमोचे व्रण बहुधा मऊ, हलत्या भागावर येतात: गालाच्या आत, ओठाच्या आत, जिभेच्या कडांना आणि खाली, मऊ टाळूवर. कडक टाळूवर किंवा हिरड्यांवर बारीक व्रणांचा पुंजका दिसला की माझ्या मनात आधी हर्पिस हा विषाणू येतो आणि मी स्वॅब पाठवते. पांढरा थर पुसल्यावर निघत असेल तर बुरशी असू शकते. पण व्रणावरचा पिवळट पापुद्रा खरवडून ‘साफ’ करू नका, रक्त येतं आणि व्रण उघडा पडतो. हर्पिस आणि बुरशीला त्यांचंच औषध लागतं. लाइट देत बसलात तर तेवढे दिवस वाया.

भरतच नसेल तर

काउंट, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे आकडे, वर यायला लागले की तोंडही भरू लागतं, साधारण दोन-तीन आठवड्यांत. तसं झालं नाही तर मी डोस वाढवत नाही. आधी पॉवर मीटर. मग वही: एखादा दिवस किंवा एखादं ठिकाण सुटलं का? मग दात: तुटकी कड किंवा ब्रेसेसची तार रोज त्याच जागी घासतेय का? मग स्वॅबचा रिपोर्ट. मग काउंट. आणि या सगळ्याआधी, प्रत्येक वेळी, थर्मामीटर. काउंट पडलेले असताना ताप एकदाच ३८.३ अंश सेल्सिअस दिसला किंवा ३८ तासभर टिकला, तर प्रोब खाली ठेवायचा आणि त्याच मिनिटाला वॉर्डच्या डॉक्टरांना बोलवायचं. सोललेल्या तोंडातून जंतू थेट रक्तात जातात. लाइट उद्याही देता येतो, अँटिबायोटिक तासाभराच्या आत जायला हवं.